टेप किंग्स्टनची, हात लंडनचे: ‘गार्वीज घोस्ट’चं प्रकरण

१९७६ साली लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्सनं एक एलपी काढली, ‘गार्वीज घोस्ट’. कव्हरवर नाव बर्निंग स्पिअरचं; आत त्याचा आवाज औषधापुरता. कुठेतरी एखादा शब्द उगवतो, त्याचं शेपूट लांबवर घुमत विरतं, की परत बेस आणि ड्रम. दहा तुकडे, आणि दहाही १९७५च्या डिसेंबरात आलेल्या ‘मार्कस गार्वी’ या एलपीतल्या दहा गाण्यांवरून केलेले. जुनीच टेप परत मिक्सिंग डेस्कवर चढवली आणि तिच्यातून दुसरी रेकॉर्ड काढली. रेगे या जमैकाच्या संगीताच्या जगात याला डब म्हणतात.

डबचे सर्वांत भारी पाच अल्बम निवड, असं कुणी मला सांगितलं तर हा त्यात बसणार नाही. तरी प्रकरण म्हणून उलगडून बघायला यासारखा नमुना नाही. एकाच टेपबद्दल इथे दोनदा निर्णय झाला, दोन्ही वेळा लंडनमध्ये, आणि टेप होती साडेसात हजार किलोमीटरवरच्या, जमैकातल्या किंग्स्टनची. प्रकरण अभ्यासात, म्हणजे ‘केस स्टडी’त, नावं झाकायची रीत असते. इथली नावं जगजाहीर आहेत; उलट त्यातली काही पुरेशी घेतली गेली नाहीत, हीच तर तक्रार आहे.

पार्श्वभूमी

विन्स्टन रॉडनी, म्हणजेच बर्निंग स्पिअर, जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सेंट ॲन्स बे गावचा. मार्कस गार्वी यांचा जन्म याच गावात १८८७ साली झाला. कृष्णवर्णीयांनी आपली संघटना, आपला व्यापार, आपली जहाजं उभी करावीत असं सांगणारे आणि १९१९मध्ये खरोखरच ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी काढणारे हे गार्वी. १९४०च्या जानेवारीत लंडनमध्ये त्यांना पक्षाघात झाला, वर्तमानपत्रांनी घाईघाईनं ते गेल्याच्याच बातम्या छापल्या, आणि त्या त्यांना स्वतःला वाचाव्या लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ते पश्चिम लंडनमध्ये वारले. १९६४मध्ये त्यांचं पार्थिव जमैकाला नेलं गेलं आणि देशाचे पहिले राष्ट्रीय वीर म्हणून त्यांचा गौरव झाला. रॉडनी लहानाचा मोठा झाला तो या सगळ्याच्या सावलीत.

१९६९मध्ये बॉब मार्लेनं त्याला किंग्स्टनच्या स्टुडिओ वनचा रस्ता दाखवला. तिथे त्याची दोन एलपी झाली. बर्निंग स्पिअर हे नाव केनियाच्या जोमो केन्याटांवरून घेतलेलं. पुढे ते त्याच्या एकट्याचं झालं, पण या काळात ते तिघांचं होतं: रॉडनी, रुपर्ट विलिंग्टन आणि डेलरॉय हाइंड्स.

मग भेटला जॅक रुबी. खरं नाव लॉरेन्स लिंडो. सेंट ॲन परगण्यातच, ओचो रिओसमध्ये त्याची साउंड सिस्टिम होती. म्हणजे माणसाच्या उंचीचे स्पीकर रचायचे, रस्त्यावर किंवा मैदानात रात्रभर रेकॉर्डी लावायच्या, आणि दुसऱ्याकडे नाही असं गाणं आपल्याकडे ठेवून त्याचं गिऱ्हाईक ओढायचं. ‘मार्कस गार्वी’ हे गाणं आधी असंच, फक्त रुबीच्या सिस्टिमवर वाजवायला केलेलं. अशा गाण्याची डबप्लेट कापतात: ॲल्युमिनियमची चकती, वर लॅकरचा थर. प्रत्येक वेळी सुई फिरली की थर थोडा झिजतो. काही आठवडे जोरात वाजवली की तबकडी खरखरायला लागते. गाणं इतकं चाललं, की लोकांनी ते दुकानात मागायला सुरुवात केली.

लंडनच्या दोन निर्णयांआधीचा एक निर्णय इथे, जमैकातच झाला. अशी चीज जवळ ठेवली तर सिस्टिमची शान वाढते; बाजारात आणली तर पैसे मिळतात, पण ती सगळ्यांची होते. रुबीनं ती बाजारात आणली. पाठोपाठ ‘स्लेव्हरी डेज’ आलं, मग पूर्ण एलपी, आणि मग आयलंडचा करार.

वाजवणारे

प्रकरण अभ्यासात या भागाला एक परिच्छेद पुरतो. मी थोडा जास्त घेणार आहे.

ध्वनिमुद्रण झालं किंग्स्टनच्या नॉर्थ परेडवर, रँडीज नावाच्या रेकॉर्ड दुकानाच्या माडीवरच्या स्टुडिओत. दुकान व्हिन्सेंट आणि पॅट्रिशिया चिन या नवराबायकोचं. (पॅट्रिशियाचे वडील भारतीय वंशाचे, आई चिनी, पुढे न्यूयॉर्कला जाऊन या दोघांनी व्हीपी रेकॉर्ड्स उभी केली.) वादकांच्या संचाला नाव दिलं ‘ब्लॅक डिसायपल्स’. या नावावर फार विसंबू नये. तेव्हाच्या किंग्स्टनमध्ये संचाचं नाव निर्मात्याप्रमाणे बदलायचं: बनी लीकडे वाजवलं तर ॲग्रोव्हेटर्स, जो गिब्सकडे प्रोफेशनल्स, चॅनल वनमध्ये रिव्होल्यूशनरीज. पाटी मालकाची, हात बरेचदा तेच.

ते हात कुणाचे? बेसवर दोघं: ॲस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेट आणि रॉबी शेक्सपिअर. बॅरेट मार्लेच्या वेलर्स या बँडचा बेसवादक, आणि रॉबी बेस शिकला तो बॅरेटकडेच. गुरू आणि चेला एकाच एलपीवर. ड्रमवर लिरॉय ‘हॉर्समाउथ’ वॉलेस. गिटारवर अर्ल ‘चिना’ स्मिथ आणि टोनी चिन. पियानो-ऑर्गनवर टायरोन डाउनी आणि बर्नार्ड ‘टाउटर’ हार्वी, दोघंही वेलर्सबरोबर वाजवलेले. फुंकणाऱ्यांत ट्रम्पेटवर बॉबी एलिस, ट्रॉम्बोनवर विन गॉर्डन, सॅक्सोफोनवर रिचर्ड ‘डर्टी हॅरी’ हॉल आणि हर्मन मार्क्विस, बासरीवर कार्लटन ‘सॅम’ सॅम्युअल्स.

एलिस, गॉर्डन आणि वॉलेस हे तिघंही किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलचे. कॅथलिक जोगिणींनी चालवलेली ही शाळा. गरीब-अनाथ मुलांना तिथे सुतारकाम-छपाईबरोबर बँडही शिकवायचे. हे वाचताना गोवा आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही चर्चच्या पॅरिश शाळांत मुलं सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकली, आणि त्यांच्यातले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओंत पोहोचले. त्यांच्या मागे बसून वाजवणाऱ्या बहुतेकांची नावं पडद्यावर आलीच नाहीत.

किंग्स्टनमध्येही रीत तीच. वादकाला गाण्यामागे ठरलेले पैसे, रोख. पुढे त्या टेपचं काय होतं, ती किती वेळा विकली जाते, याच्याशी त्याचा संबंध संपला. १९७८च्या ‘रॉकर्स’ या चित्रपटात हॉर्समाउथनं स्वतःचीच भूमिका केली आहे: देशातला नावाजलेला ड्रमर, आणि पोटासाठी मोटरसायकलवरून रेकॉर्डी विकत फिरतो.

आता त्याच्या ड्रमबद्दल. रेगेतला मुख्य ठेका ‘वन ड्रॉप’. चार मात्रा मोजा. पहिलीवर, जिथे आपला कान सम शोधतो, तिथे काही नाही. तिसरीवर पायाचा मोठा ड्रम आणि स्नेअर या लहान ड्रमच्या कडेवरची काठी, दोन्ही एकदम. दुसरी आणि चौथीवर गिटारचा तुटक ‘चक्’. मी हा अल्बम एकदा आमच्या ओळखीच्या एका तबलजी काकांना ऐकवला. पाच मिनिटं मांडीवर बोटं चालवून म्हणाले, “अरे, यानं सम खाऊन टाकली की!” आणि थोड्या वेळानं, “खाल्लेली नाही. आपल्याकडे ठेवायला दिलीय.” मला यापेक्षा बरी व्याख्या अजून सापडलेली नाही. ती रिकामी मात्रा बेस सांभाळतो. तोही भरत नाही, नुसता तिच्या आजूबाजूनं चालतो.

प्रश्न काय होता

आयलंडच्या हातात एक जबरदस्त पण खडबडीत टेप आली. कंपनीचं गिऱ्हाईक ब्रिटनमधलं, त्यात रॉक ऐकणारी गोरी तरुण मुलं बरीच. टेपवरचा बेस पोटात बसणारा, गाणारा माणूस मंत्र म्हटल्यासारखा एकच ओळ घोळवणारा. ही गोष्ट त्या गिऱ्हाइकाच्या गळी कशी उतरवायची, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न डबचा. जमैकात तोवर डब ही रोजची बाब झालेली. १९६७-६८च्या सुमाराला स्पॅनिश टाउनचा साउंड सिस्टिमवाला रुडी रेडवुड ट्रेझर आइल स्टुडिओत डबप्लेट कापायला गेला. इंजिनिअर पॅरागॉन्स या गायक-संचाच्या एका गाजलेल्या गाण्याची तबकडी कापत होता आणि गायनाचा ट्रॅक लावायचा राहून गेला. रेडवुडनं ती तशीच नेली. रात्री गर्दीपुढे वाजवली तर लोकांनी मोकळ्या जागेत गाणं स्वतःच म्हटलं. तिथून ‘व्हर्जन’ची चाल पडली: एका बाजूला गाणं, मागच्या बाजूला आवाज काढलेली आवृत्ती. पुढे वॉटरहाउस वस्तीत किंग टबीनं, म्हणजे रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या ऑसबर्न रडकनं, मिक्सिंग डेस्कचंच वाद्य केलं. १९७३पासून पूर्ण डबच्या एलपीही निघू लागल्या होत्या.

यात हिशोबही आहे, तो लपवू नये. डब अल्बमला नवं ध्वनिमुद्रण लागत नाही. वादकांना परत बोलवायला नको, गायकाला नको. एक टेप, एक इंजिनिअर, काही रात्री. रेकॉर्ड मात्र दोन.

या प्रकरणाचा खरा पेच इथे आहे. टेप बदलणं हे जमैकाच्या लेखी पाप नव्हतंच. रोज कुणी ना कुणी कुणाच्या तरी टेपची चिरफाड करत होतं आणि गायक-वादकांची त्याला ना नव्हती. मग लंडनला तेच केल्यावर एवढं का दुखलं?

कोणते रस्ते मोकळे होते

मूळ एलपीपुरतं बघितलं तर तीन. जमैकातलं मिक्स होतं तसं छापायचं. किंवा टेप तीच ठेवून लंडनला नव्यानं मिक्स करायचं. किंवा वरून आणखी वाद्यं चढवायची.

तिसऱ्या रस्त्याचा दाखला आयलंडकडेच होता. १९७२मध्ये मार्ले वेलर्सच्या टेपा घेऊन लंडनला आला, तेव्हा आयलंडचा मालक क्रिस ब्लॅकवेल यानं त्यावर वेन पर्किन्स या अमेरिकन गिटारवाल्याचे आणि जॉन ‘रॅबिट’ बंड्रिकच्या कीबोर्डचे थर चढवले. त्यातून १९७३ची ‘कॅच अ फायर’ झाली आणि रेगेला जगाचं दार उघडलं. (मूळ जमैकन मिक्स २००१ साली बाहेर आलं. दोन्ही ऐकून ज्यानं त्यानं ठरवावं. मला कच्चं जास्त आवडतं, पण दार त्यानं उघडलं असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.) तिथे बदल जास्त झाला. गिटारचा एक सोलो तर पूर्ण परका. तरी तंटा झाला नाही, कारण मार्ले खोलीत होता. आपल्या गाण्यात काय मिसळलं जातंय ते त्यानं कानांनी ऐकलं आणि होकार दिला.

डबसाठीही रस्ते होते. टेप किंग टबीकडे देता आली असती. रँडीजच्या डेस्कवर वर्षानुवर्षं बसलेला आणि १९७५च्या सुमाराला जो गिब्सकडे गेलेला एरॉल थॉम्पसन होता. त्या खोलीचा आवाज त्याच्याइतका कुणाला ठाऊक? किंवा डब काढायचाच नाही, हाही एक रस्ता. किंवा लंडनमध्ये, आपल्याच स्टुडिओत, आपल्याच माणसांकडून करून घ्यायचा: सगळ्यांत सोपा, सगळ्यांत जवळचा.

प्रत्यक्षात काय झालं

एलपीसाठी आयलंडनं मधला रस्ता धरला. नवी वाद्यं नाहीत, पण मिक्स बदललं आणि काही गाण्यांचा वेगही बदलला. ही दुसरी गोष्ट वरवर किरकोळ वाटते. तशी ती नाही. तेव्हाच्या टेपवर वेग बदलला की पट्टीही बदलते. टेप जरा जोरात फिरवली की गाणाऱ्याचा षड्जच वर सरकतो. आवाज जरा कोवळा होतो, शब्दांचं वजन हलकं होतं. रॉडनीच्या गाण्यात वजन हाच तर ऐवज आहे. गायक आणि त्याचे जमैकातले चाहते, दोघंही चिडले.

डबचं काम जॉन बर्न्स आणि डिक कटहेल या दोन इंग्लिश इंजिनिअरांनी लंडनमध्ये केलं. कटहेल स्वतः फुंकवाद्यं वाजवणारा. पुढे ट्रॉम्बोनवाला रिको रॉड्रिग्ज आणि स्पेशल्स हा बँड यांच्याबरोबर त्याचं नाव झालं. म्हणजे माणसं अडाणी नव्हती, कानाची तयार होती.

डब करतात म्हणजे काय, ते डेस्कच्या जवळ जाऊन बघू. प्रत्येक वाद्याची पट्टी वेगळी, प्रत्येकीला सरकता खटका. गिटारचा एक ‘चक्’ इकोच्या यंत्रात सोडायचा आणि लगेच गिटार बंद करायची. इकोच्या यंत्रात टेपची छोटीशी माळ फिरत असते: एक हेड आवाज लिहितं, पुढे बोटभर अंतरावरचं दुसरं हेड तोच वाचतं. टेपला ते बोटभर जायला लागणारा वेळ म्हणजे दोन प्रतिध्वनींमधलं अंतर. वाचलेला आवाज परत लिहिणाऱ्या हेडकडे पाठवला की ‘चक्’चे दहा ‘चक्’ होतात, दरवेळी थोडे मळके, थोडे लांबचे. गुंडी जास्त फिरवली तर ते वाढत वाढत किंचाळायला लागतात. हात किती वेळ गुंडीवर ठेवायचा आणि कधी काढायचा, ही सगळी कला. आणि हे सगळं टेप चालू असताना, एका झटक्यात. चुकलं की पहिल्यापासून.

टबी हे करताना वीज पाडतो. आवाजाचा सगळा तळ कापणारा फिल्टर फिरवून तो झांजेचं वाफेत रूपांतर करतो, स्प्रिंग रिव्हर्ब या घुमारा देणाऱ्या यंत्राला धक्का मारून गडगडाट काढतो. बर्न्स आणि कटहेल तसं काही करत नाहीत. ते शिष्ट आहेत. आवाज बहुतेक काढून टाकतात, अधूनमधून त्याचा एक धागा लोंबत ठेवतात, फुंकवाद्यांना आत-बाहेर येऊ देतात, इको मोजून वापरतात. बेस जवळजवळ कधीच जात नाही.

आणि तुकड्यांची नावं. ‘मार्कस गार्वी’चं ‘द घोस्ट’ झालं. ज्या शहरात गार्वी वारले त्याच शहरात त्यांचं भूत डेस्कवर उतरवलं गेलं, हा योगायोग कुणाच्या लक्षात आला होता की नाही, देव जाणे. ‘स्लेव्हरी डेज’चं ‘आय अँड आय सर्व्हाइव्ह’, ‘जॉर्डन रिव्हर’चं ‘ड्रेड रिव्हर’. ‘ओल्ड मार्कस गार्वी’चं ‘फार्दर ईस्ट ऑफ जॅक’, बहुधा रुबीकडे डोळा मिचकावून. आणि ‘लिव्ह गुड’चं ‘जॉन बर्न्स स्कँक’ (स्कँक म्हणजे रेगेवरचा नाच). डेस्कवरच्या माणसाचं नाव शीर्षकात घालणं ही जमैकाचीच परंपरा, टबीच्या नावानं तर अख्खे अल्बम निघाले. तेव्हा त्याबद्दल बर्न्सला बोल लावता येत नाही. पण दहा तुकड्यांत इंजिनिअर आहे, निर्माताही असावा. ज्याच्या तिसऱ्या मात्रेवर सगळा डोलारा उभा आहे, त्या ड्रमरच्या नावाचा ‘स्कँक’ नाही.

परिणाम

बाजाराच्या अंगानं बघितलं तर आयलंडचं चुकलं नाही. ‘मार्कस गार्वी’ रेगेतल्या अभिजात अल्बमांत मोजली जाते आणि ‘गार्वीज घोस्ट’ तिची जोडी म्हणून टिकली. पुढे सीडीवर दोन्ही एकत्र निघाल्या. ज्या गोऱ्या मुलांसाठी कोपरे घासले होते, त्यांच्यातल्या कित्येकांनी डब पहिल्यांदा इथे ऐकला असेल.

रॉडनीनं मात्र वेगळा हिशोब मांडला. ‘स्पिअर’ नावाचं स्वतःचं लेबल काढलं, ज्यात मिक्सपासून सगळं त्याच्या हातात. पहिली रेकॉर्ड ‘फ्री अगेन’. नाव बघा. पण त्यानं आयलंड लगेच सोडली नाही, आणि हा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो. ‘मॅन इन द हिल्स’ १९७६मध्ये अजून रुबीबरोबरच, आयलंडवरच. त्याच वर्षाच्या अखेरीस तो रुबीपासून आणि दोन्ही जोडीदार गायकांपासून वेगळा झाला. १९७७ची ‘ड्राय अँड हेवी’ त्यानं स्वतः निर्मिली, तीही आयलंडसाठी. लांबचं वितरण त्यांचं, घरातली किल्ली स्वतःची. त्याच वर्षी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये त्यानं अस्वाद या बँडच्या, लंडनच्याच पोरांना साथीला घेऊन मैफल केली, आणि ट्रम्पेटवर होता बॉबी एलिस. टेपेपाठोपाठ तिच्यावर फुंकणारा माणूसही दोन वर्षांनी लंडनला पोहोचला म्हणायचा.

डबला त्यानं उत्तर दिलं ते डबनंच. दशक संपता संपता ‘लिव्हिंग डब’ ही मालिका त्याच्या स्वतःच्या लेबलवर सुरू झाली, आणि मिक्सिंगला बसला सिल्व्हन मॉरिस, स्टुडिओ वनच्या दिवसांपासूनचा इंजिनिअर. म्हणजे डबवर त्याचा राग नव्हताच. १९८०च्या ‘हेल एच.आय.एम.’वर निर्माता म्हणून दोन नावं आहेत: बर्निंग स्पिअर आणि ॲस्टन बॅरेट. पाच वर्षांपूर्वी ठरल्या पैशांवर बेस वाजवून गेलेला माणूस डेस्कच्या या बाजूला आला.

वेगळं काय करता आलं असतं

सोपं उत्तर असं, की टेप टबीकडे द्यायला हवी होती. मी बरीच वर्षं हेच म्हणत होतो. आता तितकं ठाम म्हणवत नाही. टबीनं केला असता तर अल्बम जास्त थरारक झाला असता यात शंका नाही, पण तो टबीचा झाला असता. बर्न्स-कटहेल यांच्या भिडस्तपणामुळे एक अनपेक्षित गोष्ट घडली: गायक बाजूला झाला, इंजिनिअर पुढे आला नाही, आणि मधल्या जागेत वाजवणारे दिसू लागले. ‘स्लेव्हरी डेज’ ऐकताना मी रॉडनीकडे बघत असतो. ‘आय अँड आय सर्व्हाइव्ह’ ऐकताना पहिल्यांदा कळतं की चिना स्मिथ आणि टोनी चिन या दोन गिटारी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत, आणि हॉर्समाउथ झांज किती कमी उघडतो. वादकांना ऐकायचं असेल तर मी आजही माणसाला मूळ एलपी देत नाही, हा डब देतो.

मिक्सच्या बाबतीत मात्र खोट खरी आहे. एक विमानाचं तिकीट लागलं असतं. मार्लेच्या वेळी तो लंडनला होता म्हणून प्रश्न उठला नाही. रॉडनीच्या वेळी वेगाची गुंडी फिरवण्याआधी त्याला समोर बसवून ऐकवलं असतं तर कदाचित तो नाही म्हणाला असता. म्हणू द्यायचं. गाण्याची पट्टी कुणी ठरवायची हा वाद आपल्याकडे तरी गायकाच्या बाजूनं कधीच संपलेला आहे. दुसरा उपाय आणखी स्वस्त होता: बाहेरच्या देशांसाठी एक मिक्स, जमैकासाठी दुसरं, आणि दोन्हींवर तसं स्पष्ट छापायचं. आज पुनर्मुद्रणं काढणाऱ्या कंपन्या हेच करतात.

रुबीकडूनही एक गोष्ट राहून गेली. टेप विकताना तिचं मिक्स आणि वेग बदलायचा हक्क कुणाकडे, हे गायकाशी आधी बोलायचं असतं. साउंड सिस्टिमवाल्याच्या हिशोबात गाणं म्हणजे आपला माल. आणि तो माल आधी त्यानंच, आपल्याच हौसेनं, बाजारात आणलेला.

आणि वादकांपुरतं बोलायचं तर पैशांचं गणित तेव्हाच्या किंग्स्टनमध्ये एकट्यादुकट्याला बदलता आलं नसतं. पण एका वहीला किती पैसे पडतात? बेसवर दोन नावं छापलेली आहेत, एकाखाली एक. कोणत्या गाण्यात कोण, हे कुठे नाही. रॉबी शेक्सपिअर २०२१मध्ये गेला, फॅमिली मॅन २०२४मध्ये. मी हेडफोन लावून दहाही तुकडे पुन्हा पुन्हा ऐकतो, ही तान गुरूची की चेल्याची, ओळखायला बघतो. ‘ड्रेड रिव्हर’पाशी एकदा फॅमिली मॅन म्हणून लिहून ठेवलं, दुसऱ्या आठवड्यात खोडून रॉबी केलं. शिकवणाऱ्यानं इतकं नीट शिकवलंय, की ऐकणाऱ्याची पंचाईत.